रोज सकाळी एक वाटी मोड

"मोद! सकाळी उठून मोद! तोही वाटीने! रिकाम्या पोटी!"

हाबुलची आई व्यायामशाळेच्या अंगणात मधोमध उभी राहून ओरडत होती. गल्लीत तिला सगळे मासीमा म्हणत. बिनकाठाच्या पांढऱ्या लुगड्यातली, जेमतेम पावणेपाच फुटांची विधवा बाई. पण आवाज असा, की कलकत्त्यातल्या आमच्या भवानीपूरच्या कोपऱ्यावर ट्राम उभी राहिली आणि ड्रायव्हर वरची तार तुटली की काय म्हणून आभाळाकडे बघत बसला.

"माझ्या हाबुलनं आजवर पानाला हात लावला नाही! आणि काल मला म्हणतो, मा, उद्यापासून रोज एक वाटी मोद खाणार. बुद्धिदींनी सांगितलंय! कुठाय ती बुद्धिदि? आणा समोर!"

बावीस पैलवान भिंतीला पाठ लावून उभे होते. एकेकाचा दंड माझ्या मांडीएवढा, पण त्या वेळी कुणी त्यांना उचलून खिशात घातलं असतं तरी मावले असते. आणि ज्यांना समोर आणायचं, त्या बुद्धिदि हातात पितळी वाटी घेऊन समोरच उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे माझ्याकडे वळून विचारलं, "भावजी, या बाई एवढ्या का तापल्यात? हाबुलनं मोड खाल्ले नाहीत का?"

बुद्धिदि म्हणजे आमच्या कुसुमवहिनी सहस्रबुद्धे. 'सहस्रबुद्धे' हे नाव बंगाली तोंडात शिरलं ते 'शोहोस्रोबुद्धि' होऊन बाहेर आलं. एवढं लांब नाव हाक मारायला परवडेना, म्हणून पैलवानांनी हजार बुद्ध्यांतल्या नऊशे नव्व्याण्णव गाळून टाकल्या आणि एकच ठेवली. वहिनी म्हणत, "एक पुरे. वापरली म्हणजे झालं."

आता इथे थोडं व्याकरण सांगणं भाग आहे. बंगालीत दारूला 'मद' म्हणतात, आणि बंगाली माणसाच्या तोंडून तो 'मोद' होऊनच बाहेर पडतो. शिवाय बंगाली माणूस काही पीत नाही. तो पाणी खातो, चहा खातो, सिगारेट खातो आणि दारूही खातोच. वहिनींचा बंगालीविषयी एक सिद्धान्त होता: मराठी शब्द घ्यावा, त्यातल्या 'अ'चा 'ओ' करावा, की झाली बंगाली. या सिद्धान्तावर त्यांनी दीड वर्ष बाजार केला होता, आणि भाजीवाले त्यांना घाबरून बरोबर वजन देत. 'मोड' हा शब्द आला तेव्हा त्यांना फार आनंद झाला. यात तर ओ आधीपासूनच आहे! म्हणजे हा शब्द जन्मतः बंगाली. मटकीला मोड येतात ते मोड हो. पण वर्गात त्यांनी फळ्यापुढे उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं, "रोज शोकाले, खाली पेटे, एक बाटी मोड खाबे!" तेव्हा बावीस पैलवानांना ऐकू आलं ते एवढंच, की रोज सकाळी रिकाम्या पोटी वाटीभर दारू प्या.

मोड म्हणजे काय ते त्यांना दिसत होतं, पातेलं समोरच होतं. पण वहिनींना तो घोळ एकानेही सांगितला नाही. इतकं सुंदर वाक्य पुन्हा ऐकायला मिळणार नाही, अशी भीती प्रत्येकाला वाटली. मी तिथे दुभाषा म्हणून हजर होतो. मीही सांगितलं नाही. माझं पाप मी कबूल करतो.

आम्ही एकाच घरात राहत होतो. मी बँकेच्या बदलीवर आलेला, खाली. माधवराव सहस्रबुद्धे केंद्र सरकारच्या एका कचेरीत, वर. माधवराव दिवसाला नऊ शब्द बोलत आणि त्यांतले चार कचेरीत खर्च करून येत. उरलेल्या पाचांत संसार चाललेला. बोलण्याचं बाकीचं सगळं काम वहिनींकडे होतं आणि ते त्या शिल्लक न ठेवता करत.

वहिनींनी लग्नाआधी पुण्यात गृहविज्ञानाचा डिप्लोमा केला होता. आहारशास्त्रात पहिल्या आल्या होत्या. ते सर्टिफिकेट पत्र्याच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांत, पाच बदल्या हिंडलं होतं. नागपूर, झाशी, पुन्हा नागपूर, आणखी कुठे कुठे. दर बदलीला त्या ते काढून उन्हात घालत आणि परत ठेवत. एकदा मला म्हणाल्या होत्या, "भावजी, याच्यावर माझं नाव सोडून कुणी काही वाचलेलं नाही." एवढंच म्हणाल्या आणि लगेच, "सकाळी काय खाल्लंत?"

हा त्यांचा नमस्कार. 'कसे आहात' हा प्रश्न त्यांना निरर्थक वाटे. "कसे आहात विचारलं की माणूस बरा आहे म्हणतो. माणूस खोटं बोलतो, पोट बोलत नाही." पोटाचा जबाब मिळेना तर त्या सरळ समोरच्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून आतला रंग बघत. एकदा ट्राममध्ये कंडक्टर तिकिटासाठी वाकला, तर त्यांनी त्याचीच पापणी ओढली. "पांढरी! पालंग शाक खाबे, बाबा, पालक! लोखंड नाही तुझ्यात!" तो बिचारा लोखंडाच्या ट्रामीत उभा राहून लोखंड नाही हे ऐकत होता. पुढे तो कंडक्टर वहिनींना बघून लांबूनच पापणी ओढून दाखवायचा. लाल झालेली.

आमच्या घराच्या भिंतीला लागून व्यायामशाळा. तिचे उस्ताद गोष्ठोदा, साठीचे, मिशी अशी की तिच्यावर कावळा बसला तर घसरू नये. आहाराबद्दल त्यांचंही शास्त्र होतं. अंड्याने छाती भरते, मटणाच्या रश्श्याने मांडी, तुपाने आवाज, आणि भाजीने काहीच नाही, भाजी गाईसाठी. एका सकाळी त्यांचा एक पठ्ठ्या चार कच्ची अंडी पिऊन बैठका मारता मारता तीनशेव्या बैठकीला जो बसला तो उठलाच नाही. वहिनी गच्चीवरून ओरडल्या, "अहो, त्याला सकाळी काय खायला घातलं होतं?" आणि उत्तराची वाट न बघता खाली उतरल्या.

त्या दिवशी पापण्यांचं सर्वेक्षण झालं. बावीसपैकी सतरा पांढऱ्या निघाल्या. गोष्ठोदांची स्वतःचीही पांढरी. हे वहिनींनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, म्हणून वैर सुरू झालं.

"बोलणं सोपं आहे," गोष्ठोदा म्हणाले. "हा घ्या हाबुल. याला पोसून दाखवा."

हाबुल पंचविशीतला. वजन सेहेचाळीस किलो. तो उन्हात आडवा उभा राहिला तर सावली पडत नसे, फक्त दाट वास यायचा मोहरीच्या तेलाचा. बजबज गावच्या एका गोदामात पहारेकऱ्याची नोकरी त्याच्यासाठी ठेवली होती. पण पहारेकऱ्याचं वजन पन्नास किलो हवं असा नियम, आणि दोन तपासण्यांत तो नापास झालेला. तिसरी आणि शेवटची तीन महिन्यांनी. ठरलं असं: वहिनींनी दर रविवारी सकाळी सातला वर्ग घ्यावा. तीन महिन्यांत हाबुल पास झाला तर वर्ग कायमचा. नाही तर फळा गच्चीवर परत.

गोष्ठोदांनी स्वतः बोर्ड लिहिला: 'पुष्टि शिक्षा (तीन महिने)'. बंगालीत पुष्टि म्हणजे पोषण आणि शिक्षा म्हणजे शिक्षण. मी वर जाऊन माधवरावांना वाचून दाखवला. ते पोळी चावायचे थांबले आणि म्हणाले, "शिक्षा मलाच होतेय."

पाचांपैकी तीन शब्द एका दमात! पण खरं होतं. वहिनी वर्गाची तयारी एखाद्या लढाईसारखी करत. शनिवारी रात्रीपर्यंत पाठ बसला पाहिजे. आधी कागदावर, मग पितळी वाटीने मोजून ताटात, मग माधवरावांच्या पोटात. शेंगदाणे-फुटाणे-गुळाचे लाडू घट्ट झाले, की ते माधवरावांनी संपवायचे. सैल झाले तरी माधवरावांनीच. रेशनच्या तांदळात डाळ किती घालावी म्हणजे पैलवानाला कळणार नाही, यावर सात प्रयोग झाले आणि सातही माधवरावांवर. दीड महिन्यात त्यांच्या कोटाचं मधलं बटण कचेरीत सुटलं, सुपरिंटेंडंटच्या कानाजवळून गेलं आणि दौतीत पडलं. माझ्या डोळ्यांदेखत नाही, पण दौत मी पाहिली आहे.

हाबुल मात्र हलेना. दर रविवारी वर्गानंतर मिरवणूक कोळशाच्या वखारीत जाई. व्यायामशाळेत काटा नव्हता, वखारीत होता. हाबुल एका पारड्यात बसे, दुसऱ्यात लोखंडी वजनं. उठताना पाठीमागचं धोतर काळं आणि काटा सेहेचाळीसवर. पहिला रविवार सेहेचाळीस, दुसरा सेहेचाळीस, पाचवा साडेपंचेचाळीस. "तो अर्धा किलो," गोष्ठोदा म्हणाले, "तुमचं व्याख्यान ऐकून गेला."

वहिनी त्याला वर्गाच्या शेवटी मोजून चौदा लाडू बांधून देत. आठवडाभर रोज दोन. मग जात कुठे होते?

याच दिवसांत लंगोटाचं प्रकरण झालं. पुण्याहून मटकी आली होती. कलकत्त्यात तेव्हा मटकी मिळत नसे आणि मटकी म्हटलं की लोक मडकं दाखवत. भिजवलेली मटकी बांधायला पातळ कापड हवं. वहिनी शनिवारी संध्याकाळी व्यायामशाळेत फळा पुसायला गेल्या होत्या. दोरीवर एक लांब, तांबडं, स्वच्छ धुतलेलं फडकं दिसलं. त्यांना वाटलं छान पंचा आहे. त्यांनी मटकी त्यात गच्च बांधली आणि भिंतीला दिसला त्या खिळ्याला गाठोडं टांगून ठेवलं. खिळा महावीराच्या, म्हणजे आपल्या मारुतीच्या, तसबिरीखालचा.

सकाळी गोष्ठोदा उदबत्ती घेऊन आले. डोळे मिटून प्रार्थना केली, डोळे उघडले, तर समोर त्यांचा स्वतःचा लंगोट, कुस्तीत कधी न हरलेला, फुगून टम्म झालेला. आणि त्याच्या विणीतून शेकडो पांढऱ्या शेपट्या बाहेर आलेल्या!

दुसरा कुणी असता तर भांडला असता. पण महावीराखाली, रविवारी सकाळी, शेपट्या? गोष्ठोदांनी तिथल्या तिथे साष्टांग नमस्कार घातला. वहिनी येईपर्यंत त्यांनी प्रसाद म्हणून दोन मुठी खाल्ल्याही होत्या. खुलासा झाल्यावर ते बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "लंगोट धुतलेला होता." बस्स. त्या दिवसापासून विरोध मावळला असं नाही, पण टोमणे थांबले. आणि त्याच दिवशी वर्गात ते वाक्य झालं. रोज सकाळी, खाली पेटे, एक बाटी मोड.

हाबुलने घरी जाऊन तेच आईला सांगितलं. पुढचं स्पष्टीकरण द्यायला त्याने तोंड उघडलं असेलही, पण मासीमांसमोर दुसरं वाक्य बोलायची संधी त्याला जन्मात मिळालेली नव्हती.

तर मासीमा ओरडत होत्या आणि वहिनी मला विचारत होत्या. आता लपवणं शक्य नव्हतं. मी वहिनींच्या कानाशी लागून, शक्य तेवढ्या सभ्य शब्दांत, मोद म्हणजे काय ते सांगितलं.

वहिनींचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. मला वाटलं, संपलं. आता ही बाई फळा उचलणार, वर जाणार, आणि ते सर्टिफिकेट पुन्हा डांबराच्या गोळ्यांत. पैलवानांनाही तसंच वाटलं असावं, कारण बाविसांतले दोघे रडायच्या बेतात होते.

वहिनी पुढे झाल्या. मासीमांच्या अगदी जवळ गेल्या. आणि मासीमा "माझ्या घराची अब्रू" या शब्दापर्यंत पोचल्या असताना त्यांनी अंगठ्याने मासीमांची खालची पापणी ओढली.



"लाल," वहिनी पुटपुटल्या. "लालभडक." दुसरी ओढली. तीही लाल. मग नखं पाहिली. "भावजी, यांना विचारा, चैत्रात या आमच्या जिन्यावर किती वेळा बसल्या होत्या?"

मी विचारलं. मासीमा इतक्या गोंधळल्या होत्या की खरं बोलल्या. "तीन वेळा. चक्कर यायची."

"आणि आता?"

"आता नाही येत."

"येणार नाही. हा आवाज चक्कर येणाऱ्या बाईचा नाहीच. विचारा, काय खातात?"

"मी काय खाणार!" मासीमांना पुन्हा जोर आला. "विधवा बाई मी! एक वेळचा भात. आणि देवीचा प्रसाद."

"कसला प्रसाद?"

"लाडू. रोज दोन. हाबुल आणतो कालीबाडीतून. दाण्याचे असतात, गुळाचे. देवीची कृपा माझ्यावर."

हाबुल स्वतःच्या पायाची बोटं मोजत होता. दहाच होती, पण तो पुन्हा पुन्हा मोजत होता.

"तरीच!" वहिनी म्हणाल्या. "वखारीत शोधत होतो आपण. हाबुलचं वजन इथे उभं आहे, आणि माझ्यावरच ओरडतंय!"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण मासीमांना भाषांतर लागलं नाही. त्या वळल्या, हाबुलच्या पाठीत एक दणका घातला, आणि मग तोच हात तिथेच ठेवून पाठ चोळत राहिल्या. दाराशी उभा असलेला एक पैलवान उगीचच मुद्गल पुसायला लागला.

"मा, प्रसाद म्हटल्याशिवाय तू खाल्ले नसतेस," हाबुल म्हणाला. माझ्या ऐकण्यातलं त्याचं आईपुढचं पहिलं पूर्ण वाक्य.

वहिनींनी वेळ घालवला नाही. तपासणीला सहा आठवडे उरले होते. रोज चार लाडू. दोन हाबुलने, दोन मासीमांनी, दोघांनी वहिनींसमोर बसून खायचे. "आणि आजपासून यांनीही या वर्गात बसायचं." अशा रीतीने मासीमा त्या व्यायामशाळेच्या पहिल्या स्त्री सभासद झाल्या. गोष्ठोदा काही बोलणार होते. त्यांनी मासीमांकडे पाहिलं आणि मिशी आवरली.

मग मासीमांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "हे मोद? अगो, याला आम्ही कोल म्हणतो! छोल्याला कोल येतो!" आणि कमरेवर हात ठेवून जे हसायला लागल्या, ते ट्राम पुन्हा थांबेपर्यंत. बंगालीत कोल म्हणजे पाण्याचा नळही आणि यंत्रही. वहिनींनी विचार केला आणि नकार दिला. "नळाला मी मोड म्हणणार नाही आणि मोडाला नळ. शब्द माझा आहे. अर्थ त्यांनी बदलून घ्यावा."

पुढच्या रविवारी वर्गाला एकाहत्तर माणसं! एक मराठी बाई सकाळी सकाळी मोद शिकवते, ही बातमी पार बराकपूरपर्यंत गेली होती. मागच्या रांगेत काही पोक्त गृहस्थ, आणि त्यांच्यातल्या तिघांनी घरून पेले आणलेले. वहिनींना वाटलं, विषयाचं महत्त्व पटलं. त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं. मागच्या रांगेतून आलेला तो सुस्कारा मी आयुष्यात विसरणार नाही. पण दाराशी मासीमा उभ्या होत्या. एकही गृहस्थ वाटी खाल्ल्याशिवाय बाहेर जाऊ शकला नाही. त्यांच्यातले दोघे नंतर कायमचे आले.

माशाचा पाठ तर सांगायलाच हवा. वहिनी जन्माच्या शाकाहारी, पण माशावरच्या प्रश्नाला परीक्षेत त्यांना पैकीच्या पैकी मिळालेले. मासीमा वैधव्यामुळे मासा सोडून बसलेल्या, पण रांधणार त्याच. एक नाकाला पदर लावून दारातून सांगतेय, "परता, आता पाणी घाला, जीवनसत्त्व जाईल." दुसरी न चाखता, नुसत्या वासावर मीठ ठरवतेय. मासे न खाणाऱ्या दोन बायकांनी बावीस बंगाल्यांना मासा कसा खावा ते शिकवलं. गोष्ठोदा दोनदा वाढून घेऊन म्हणाले, "ठीक आहे."

तपासणीच्या सकाळी हाबुलबरोबर अख्खी व्यायामशाळा बजबजला गेली. वहिनी गेल्या नाहीत. त्या फळ्यासमोर बाकावर बसून राहिल्या. दिवसभर कुणालाही सकाळी काय खाल्लं विचारलं नाही, तेव्हा मला कळलं, बाई घाबरल्यात. माधवराव कचेरीतून लवकर आले, शेजारी बसले आणि एक लाडू खाल्ला. कुणी सांगितलेलं नसताना.

दिवेलागणीला गोष्ठोदा एकटेच आत आले. बाकीचे हाबुलला खांद्यावर घेऊन गल्लीभर फिरवत होते. पन्नास आणि वर पाव किलो. गोष्ठोदांनी स्टूल घेतलं, बोर्डापुढे ठेवलं, वर चढले, आणि 'तीन महिने' हा कंस नखाने खरवडून काढला. कंसाचा एक कोपरा निघता निघेना. तो तसाच राहिला.

सर्टिफिकेट ट्रंकेतून निघून महावीराशेजारी लागलं. वर्ग दोन वर्षं चालला. मग माधवरावांची बदली झाली, पुन्हा नागपूरला.

हावडा स्टेशनवर सामान उचलायला हमाल लागले नाहीत. बावीस जणांनी एकेक डाग उचलला आणि डाग तेराच होते, म्हणून नऊ जणांनी माधवरावांना उचलायची तयारी दाखवली. "नको," माधवराव म्हणाले. मासीमा लाडवांचा डबा घेऊन आल्या होत्या. स्वतः वळलेले. वहिनींनी एक मोडून पाहिला. "गूळ जास्त झालाय." मासीमा म्हणाल्या, "मुद्दाम." हाबुल पहारेकऱ्याच्या खाकी गणवेशात आला होता. वहिनींनी त्याची पापणी ओढली, पाहिली आणि बराच वेळ सोडली नाही.

गाडी हलली. वहिनी खिडकीच्या गजांना धरून, डोळे पुसत, अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "विसरू नका रे! रोज शोकाले! खाली पेटे! एक बाटी मोड!"

अर्थ त्यांना आता ठाऊक होता. शब्द त्यांनी बदलला नव्हता.

एक हवालदार थांबला, दोन साधू वळून बघायला लागले. एक तिकीट तपासनीस गोष्ठोदांजवळ येऊन संशयाने म्हणाला, "कोण हो ती बाई? सगळ्यांना सकाळी सकाळी काय सांगतेय हे?"

गोष्ठोदा गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत बघत होते. मग म्हणाले,

"आमच्या मास्तरीण आहेत. बरोबर सांगतायत."